जखमेत किडे पडतात तेव्हा : गोठ्यातील माशी आणि माणसाची जखम



पाऊस ओसरू लागला आणि भाद्रपदाचे ऊन तापू लागले, की गोठ्यातून एक तक्रार हमखास ऐकू येते. बैलाच्या खांद्याला, वासराच्या नाळेला किंवा गाईच्या खुरात किडे पडतात. काही भागात यालाच आसडी पडणे असे म्हणतात. आपण ते पाहतो, जखम धुतो, काहीतरी औषध घालतो आणि पुढच्या कामाला लागतो. यात कोणाला लाज वाटत नाही. परंतु हेच किडे घरातील माणसाच्या जखमेत पडले, तर लोक दार लावून घेतात.

ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमासाठी आमचे चौथ्या वर्षाचे विद्यार्थी गावात मुक्कामाला असतात आणि त्यांच्या देखरेखीसाठी आम्हा शिक्षकांना अधूनमधून जावे लागते. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या दिवसांत अशाच एका गावी मी गेलो होतो. विद्यार्थी ज्या शेतकऱ्याकडे मातीचा नमुना घेणार होते, त्याच्या घराच्या पडवीत एक आजी पाय झाकून बसल्या होत्या. पावलाला फडके गुंडाळलेले आणि वास असा, की अंगणातच कळावा. सूनबाई हळूच म्हणाल्या, "सर, कुणाला बोलू नका. आत्याबाईंच्या पायात किडं पडल्यात. गाव काय म्हणंल?" मुलगा मात्र निर्धास्त होता. उसाच्या हुमणीसाठी आणून ठेवलेले दाणेदार कीटकनाशक त्याने सकाळीच चिमूटभर जखमेत भरले होते. "बैलाच्या जखमंला आम्ही हेच टाकतो की, सर. दोन दिवसांत साफ. मग माणसाला का चालू नये?"

आजींना दरदरून घाम सुटला होता, तोंडातून लाळ गळत होती आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. फवारणीनंतर होणाऱ्या विषबाधेची हीच लक्षणे आपण शेतकरी मेळाव्यात तोंडपाठ सांगत असतो. जखम भरपूर पाण्याने धुऊन, औषधाचे पाकीट बरोबर घेऊन आम्ही त्यांना जीपमधून तालुक्याच्या रुग्णालयात नेले. ॲट्रोपीनची इंजेक्शने द्यावी लागली. जीव वाचला, परंतु पायाची दोन बोटे काढावी लागली. आजींना मधुमेह आहे, हेही घरच्यांना त्याच दिवशी पहिल्यांदा कळले.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी धड देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे. मी डॉक्टर नाही, कृषिविद्या शिकवणारा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. रोग्यावर उपचार डॉक्टरांनीच करावयाचे आहेत. परंतु अंडी, अळी, कोष आणि कीटकनाशक या गोष्टी आपल्या रोजच्या ओळखीच्या आहेत आणि हा आजार बराचसा त्यांतूनच समजतो.

शाप नव्हे, माशीची अळी

आपल्या बोलण्यात "किडे पडतील" हा शाप आहे. भांडणात तो सर्रास दिला जातो. त्यामुळे जखमेत खरोखरच किडे दिसले, की रोग्याला आणि घरच्यांना ते कोणत्या तरी पापाचे फळ वाटू लागते. जखम लपवली जाते आणि जो आजार पहिल्या दिवशी अर्ध्या तासात आटोपला असता, तो आठवडाभर आत पोखरत राहतो. माझ्या मते या रोगात अळीपेक्षा लाजेनेच अधिक नुकसान केले आहे.

जखमेत कीड आपोआप तयार होत नाही. ज्वारीवर किडीने अंडी घातल्याशिवाय पोंगेमर होत नाही, तसेच हे आहे. माशी येते, जखमेच्या कडेला अंडी घालते, अंड्यातून अळी निघते आणि आत शिरते. या रोगाला वैद्यकशास्त्रात मायासिस असे म्हणतात. माशीला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्यावरून हे नाव १८४० मध्ये होप या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने रूढ केले.

माणसाच्या जखमेत अंडी किंवा अळ्या घालणाऱ्या माश्या अनेक आहेत. उकिरड्यावर दिसणारी चकचकीत हिरवी माशी, अंडी न घालता थेट अळ्याच सोडणारी करड्या पट्ट्यांची मांसमाशी, क्वचित घरमाशीसुद्धा. या माश्या एरवी मेलेल्या जनावरांवर किंवा घाणीत वाढतात आणि सडलेली जखम मिळाली तर तिथेही वाढतात. परंतु आपल्या देशात सर्वात घातक माशी निराळी आहे. तिचे शास्त्रीय नाव क्रायसोमिया बेझियाना. आफ्रिकेपासून भारत आणि आग्नेय आशियामार्गे न्यू गिनीपर्यंत ती आढळते. रंग निळसर हिरवा, धातूसारखा चमकणारा आणि चेहरा नारिंगी. पॅटन या शास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास भारतात माणसांच्या आणि गुरांच्या जखमांतील अळ्यांचा अभ्यास करून या माशीकडे लक्ष वेधले होते.

हिचे वैशिष्ट्य असे, की तिची अळी फक्त जिवंत प्राण्याच्या मांसावरच वाढते. शेणात नाही, मेलेल्या जनावरात नाही, उकिरड्यात नाही. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी तिचा उपयोग आहे.

अंड्यापासून माशीपर्यंत

मादी बहुधा दुपार उलटल्यावर जखमेच्या कोरड्या कडेवर एका वेळी सुमारे १५० ते २०० अंडी घालते. ती पांढरी असून कौलांसारखी एकमेकींना चिकटून रचलेली असतात. जखम मोठी असावी लागते असे नाही. गोचीड चावल्याची जागा किंवा काट्याचा ओरखडाही तिला पुरतो. एका दिवसाच्या आत अंडी फुटतात. अळ्या डोके खाली करून मांसात घुसतात आणि तोंडाच्या आकड्यांनी मांस फाडून खातात. अळीच्या अंगावर काट्यांची वलये असतात. ती मळसूत्राच्या आट्यांसारखी दिसतात, म्हणून इंग्रजीत तिला स्क्रूवर्म म्हणतात. या काट्यांमुळेच ती ओढली तरी सहज सुटत नाही.

अळी डोके आत घालून खाते, मग श्वास कुठून घेते? तिच्या श्वासाची मुख्य छिद्रे शेपटीच्या टोकाला असतात. म्हणून जखमेत पाहिले असता अळ्यांची शेपटेच वर दिसतात, तोंडे नाहीत. पुढे टर्पेन्टाइनचा विषय येईल, त्याचे इंगित इथे आहे.

पाच ते सात दिवसांत अळी सुमारे दीड सें.मी. होते, आपणहून जखमेबाहेर पडते, जमिनीवर गळते, मातीत शिरते आणि कोषात जाते. उबदार हवेत साधारण आठवड्याने कोषातून माशी निघते, थंडीत जास्त दिवस लागतात. माशी आणखी आठवड्याने अंडी घालण्यायोग्य होते. म्हणजे आज दुर्लक्षित राहिलेली एक जखम तीन आठवड्यांनी त्याच वस्तीवर शे-दीडशे नव्या माश्या सोडू शकते. त्यातच किडलेल्या जखमेचा वास इतर माद्यांना बोलावतो आणि एकाच जखमेत लहान-मोठ्या अळ्यांच्या दोन-तीन पिढ्या सापडतात. एकदा अळ्या काढल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसल्या, तर डॉक्टरांनी काम अर्धवट केले असे समजू नये. कारण बहुतेक वेळा हे असते.

माणसाला कुठे आणि केव्हा

धडधाकट, जागा, हात हलवणारा माणूस माशीला अंगावर बसू देत नाही. जो माशी हाकलू शकत नाही किंवा ज्याला तिची जाणीव होत नाही, त्याच्यावर ती डाव साधते. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, पक्षाघाताचे रोगी, दारू पिऊन उघड्यावर पडलेला माणूस, मनोरुग्ण, पाठीला झोपून जखमा झालेली आजारी माणसे. मधुमेह किंवा कुष्ठरोग यांत पायाची संवेदना गेलेली असते. पावलाच्या तळव्याला चिघळलेली जखम असते आणि रोग्याला पत्ताच नसतो. तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर झालेल्या रोग्यांच्या उघड्या जखमेतही अळ्या पडतात. लहान मुलांचा कान फुटून वाहत असेल आणि मूल दिवसा उघड्यावर झोपत असेल, तर कानात अळ्या होतात. मुलींच्या डोक्यात उवा होऊन खाजवून झालेल्या जखमांतही, केसांखाली, त्या लपून राहतात.

जखमेच्या बाबतीत ओळख अशी : आतून वळवळ, ठणका, रक्तमिश्रित पातळ पाणी आणि विशिष्ट कुजका वास. तोंड लहान दिसते, पण आत पोकळी मोठी असते.

सर्वात धोकादायक जागा नाक ही होय. काही लोकांच्या नाकातील अस्तर सुकते, आत खपल्या धरतात आणि दुर्गंधी येते. विशेष म्हणजे रोग्याला स्वतःला वासच येत नाही. शेजारी बसलेला माणूस उठून जातो, पण याला कळत नाही. माशीला मात्र कळते. हा माणूस दुपारी झाडाखाली किंवा खळ्यावर झोपला, की ती नाकपुडीत अंडी घालून जाते. आपल्या देशात असे रोगी बहुतांशी ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत येतात. सुरुवातीला सारख्या शिंका, डोळ्यांतून पाणी आणि डोकेदुखी. सर्दी समजून वाफ घेतली जाते. मग नाकातून रक्ताळलेले पाणी येऊ लागते, पापण्या आणि ओठ सुजतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादी अळी नाकातून बाहेर येते, तेव्हा कुठे उलगडा होतो. तोपर्यंत अळ्यांनी आतील पडदे कुरतडलेले असतात. टाळूला भोक पडून अन्न नाकात येऊ शकते, आणि अळ्या किंवा त्यांच्या मागून गेलेले जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचले तर रोगी दगावतो. म्हणून नाकातून रक्तमिश्रित पाणी आणि चेहऱ्यावर सूज ही दोन लक्षणे एकत्र दिसली, तर त्याच दिवशी नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे न्यावे. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

मेंढपाळ बांधवांसाठी एक वेगळी माशी सांगितली पाहिजे. मेंढ्यांच्या नाकातील माशी ही उडता उडताच शेळ्या-मेंढ्यांच्या नाकपुड्यांत बारीक अळ्या सोडते. मेंढ्या नाक जमिनीला घासतात किंवा एकमेकींच्या अंगाखाली डोकी खुपसतात, ते या माशीमुळे. कधी नेम चुकतो आणि अळ्या मेंढपाळाच्या डोळ्यात पडतात. डोळ्यावर काहीतरी आपटल्यासारखे वाटते आणि मग डोळा लाल होऊन खुपू लागतो, पाणी गळते, कुसळ गेल्याचा भास होतो. या अळ्या जेमतेम एक-दोन मि.मी. लांबीच्या, पांढऱ्या आणि चपळ असतात. प्रकाश पडला की आत पळतात. आकड्यांनी चिकटून राहत असल्याने पाण्याने धुतल्या तरी जात नाहीत. डॉक्टर डोळा बधिर करणारे थेंब घालून चिमट्याने एकेक काढतात. माणसाच्या डोळ्यात त्या वाढू शकत नाहीत, त्यामुळे बहुतेक रोगी लवकर बरे होतात. मात्र डोळ्यात तेल, मध, दूध किंवा पाल्याचा रस घालू नये.

मोबाईलवर हल्ली फोडातून जाडजूड अळी पिळून काढण्याची चित्रफीत फिरते आणि त्याखाली "फोडावर व्हॅसलीन लावा" असा सल्ला असतो. तो प्रकार दक्षिण अमेरिकेतील आणि आफ्रिकेतील माश्यांचा आहे. तिथे एका फोडात एकच अळी असते आणि श्वास कोंडला की ती वर येते. आफ्रिकेतील माशी तर ओल्या कपड्यांवर अंडी घालते, म्हणून तिकडे कपड्यांना कडक इस्त्री करतात. आपल्याकडील उघड्या, खोल जखमेला तो उपाय लागू पडत नाही.

डॉक्टर काय करतात

उपचार साधे आहेत. प्रथम शेपटीच्या श्वासछिद्रांचा फायदा घेतला जातो. शुद्ध टर्पेन्टाइन तेलात भिजवलेली जाळीची पट्टी जखमेच्या तोंडाशी काही मिनिटे ठेवतात. हवा बंद होते, तेल झोंबते आणि अळ्या वर येतात. मग चिमट्याने एकेक उचलतात. एका रोग्याच्या जखमेतून पन्नास-शंभर अळ्या निघणे ही नवलाची गोष्ट नाही. नाकाच्या बाबतीत क्लोरोफॉर्मचे पाणी आणि तेल घालून अळ्यांना गुंगी आणतात, कारण उजेड पडताच त्या अधिक आत, अंधाऱ्या पोकळीत सरकतात. नंतर कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुतात. अशा रोग्याला रुग्णालयात मच्छरदाणीत ठेवतात, म्हणजे नवी माशी येत नाही.

अळ्या ओढताना तुटून आत राहू नयेत ही दक्षता महत्त्वाची आहे, कारण राहिलेला तुकडा सडतो आणि पू धरतो. हे काम घरी भुवयांच्या चिमट्याने करू नये, ते याचसाठी. अळ्या निघाल्यावर मेलेले मांस कापून काढतात, जखम धुतात, धनुर्वाताचे इंजेक्शन देतात आणि जंतुसंसर्ग असल्यास प्रतिजैविके सुरू करतात. दोन-तीन दिवस रोज जखम उघडून पाहावी लागते. रक्तातील साखर तपासली जातेच, आणि ती तपासायला डॉक्टर विसरले तर आपण आठवण करावी. मधुमेह काबूत आल्याशिवाय जखम भरत नाही आणि जखम भरल्याशिवाय माशी सुटत नाही.

अलीकडे तोंडाने घ्यायच्या आयव्हरमेक्टिन गोळीचाही उपयोग केला जातो. मात्रा रोग्याच्या वजनावर ठरते, सामान्यतः दर किलोला २०० मायक्रोग्रॅम. हे औषध मूळचे जपानमधील मातीत सापडलेल्या सूक्ष्म जीवापासून आले. त्या शोधासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल या शास्त्रज्ञांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्यापैकी अनेकांच्या गोठ्यात याचेच जनावरांचे इंजेक्शन असते. त्यात दर मि.ली.ला १० मि.ग्रॅ. औषध असते आणि ते माणसासाठी नाही. नाव एक आहे म्हणून बाटली एक होत नाही. गर्भवती स्त्रिया आणि १५ किलोखालील मुले यांच्या बाबतीत तर डॉक्टर गोळीही सहसा देत नाहीत.

टर्पेन्टाइनच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. रंगाच्या दुकानात टर्पेन्टाइन म्हणून जे मिळते ते बहुधा खनिज तेलापासून केलेले पातळक असते, चिराच्या झाडाचे तेल नव्हे. ते जखमेत ओतल्यास चांगले मांसही भाजते.

रुग्णालयात नेईपर्यंत घरी एवढेच करावे : उकळून गार केलेल्या पाण्यात थोडे मीठ टाकून जखमेवर सोडावे, स्वच्छ सुती कापडाने सैल झाकावे, रोग्याला मच्छरदाणीत बसवावे आणि निघावे. पाच-दहा अळ्या बाटलीत घालून बरोबर न्याव्यात. डॉक्टरांना त्यावरून माशीची जात ओळखता येते.

बैलाला चालते, मग माणसाला का नको?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खरे उत्तर असे, की बैलालाही ते चालत नाही. बैल चारशे किलोचा असतो, जखम त्याच्या मानाने लहान असते, म्हणून तो बहुतेक वेळा तगतो. वासरे मरतात, पण त्यांचे मरण आपण किड्यांच्या खात्यावर लिहितो.

अखंड कातडी विष बऱ्याच अंशी अडवते. फवारताना हातमोजे घाला म्हणून आपण सांगतो, ते तरीही थोडे आत शिरते म्हणून. जखमेत कातडीच नसते, उघड्या रक्तवाहिन्या असतात. तिथे भरलेले कीटकनाशक म्हणजे जवळजवळ टोचलेले इंजेक्शन. सेंद्रिय फॉस्फरस आणि कार्बामेट गटातील औषधे अळीच्या मज्जातंतूंवर ज्या मार्गाने काम करतात, त्याच मार्गाने माणसाच्याही करतात. घाम, लाळ, उलट्या, बारीक बाहुल्या, छातीत घरघर आणि शेवटी श्वास बंद. चाळीस-पंचेचाळीस किलो वजनाच्या म्हाताऱ्या माणसाला चिमूटही फार होते.

बी.एच.सी. पावडर आपल्या देशात १९९७ पासून बंद आहे. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस यांच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. तरीही माळ्यावरचा जुना डबा खाली उतरतो आणि नेमका जखमेच्या वेळी उतरतो. घरात असे काही शिल्लक असेल तर ते वापरण्यासाठी ठेवू नये.

रॉकेल, पेट्रोल, फिनेल आणि डांबराच्या गोळ्यांची पूड यांनी काही अळ्या मरतात हे खरे. परंतु मेलेल्या अळ्या खोल पोकळीत तशाच राहतात आणि भोवतालचे चांगले मांस भाजून जखम वाढते. सीताफळाच्या पाल्याचा लगदा गुरांच्या जखमेत भरण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पाल्यात कीटकनाशक गुण आहे, हे नाकारता येत नाही. पण कच्चा लगदा माणसाच्या जखमेत भरणे म्हणजे मातीचे जंतूही भरणे. आणि उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला लावताना ती डोळ्यात गेली, तर बुबुळाला गंभीर इजा होते.

याच्या उलट टोकाचा एक गैरसमज सुशिक्षितांत दिसतो, तोही सांगतो. अळ्या जखम साफ करतात, म्हणून राहू द्याव्यात असे काहीजण म्हणतात. त्यामागे खरी हकिगत आहे. पहिल्या महायुद्धात बेअर या अमेरिकन शल्यविशारदांना अळ्या पडलेल्या सैनिकांच्या जखमा आश्चर्यकारक स्वच्छ आढळल्या. पुढे त्यांनी अळ्यांचा उपचार म्हणून वापर केला आणि अमेरिकेत २००४ मध्ये त्याला अधिकृत मान्यता मिळाली. पण त्या अळ्या फक्त मेलेले मांस खाणाऱ्या हिरव्या माशीच्या निवडक जातीच्या असतात, प्रयोगशाळेत निर्जंतुक वाढवलेल्या आणि मोजून ठेवलेल्या. आपल्या अंगणातील माशी जिवंत मांस खाते. दोन्हींची अळी नुसत्या डोळ्यांना जवळजवळ सारखीच दिसते.

फळबागायतदार एक प्रश्न नेहमी विचारतात, तो इथेच निकालात काढू. पेरू किंवा आंब्यातील फळमाशीची अळी चुकून खाल्ली गेली तर पोटात किडे होतात का? होत नाहीत. ती अळी वनस्पतीवर जगणारी आहे. बहुधा ती पचून जाते किंवा शौचावाटे बाहेर पडते, क्वचित पोट बिघडते. शौचात अळी दिसली म्हणून घाबरून कीटकनाशकाचे "जंताचे औषध" करू नये.

गोठ्यातील जखम आधी बरी करा

ही घातक माशी फक्त जिवंत जखमेतच वाढते, असे वर सांगितले. याचा अर्थ असा, की आजींच्या पायात शिरलेल्या अळीची आई बहुधा कोणत्या तरी जनावराच्या जखमेतून आली होती. उकिरडा झाकणे, मेलेले जनावर पुरणे ही कामे इतर माश्यांसाठी आवश्यकच आहेत. पण या माशीचा उकिरडा म्हणजे आपला बैल, आपले वासरू आणि गल्लीतला मोकाट कुत्रा. त्या घरी नंतर मी गोठ्यात डोकावलो, तेव्हा खोंडाच्या वेसणीच्या जागी किडे होतेच. आजींचे अंथरूण तिथून दहा-बारा हातांवर होते.

जागा ठरलेल्या आहेत : नव्या वासराची नाळ, वेसण, जुवाने सोललेला खांदा, शिंगाचा कॅन्सर, खच्चीकरणाची जखम, बिल्ला मारलेला कान, लाळ-खुरकुतीने फाटलेली खुरे, गोचीड उपटलेली जागा. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाच्या साथीत गाठी फुटून झालेल्या जखमांत किती अळ्या पडल्या, ते आपण पाहिलेच आहे. वासरू जन्मताच नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी आणि सुकेपर्यंत रोज पाहावी. खच्चीकरण आणि शिंगे काढणे ही कामे शक्यतो पावसाळा आणि त्याच्या शेवटचे महिने टाळून, थंडीत करावीत. जखमेच्या आत जंतुनाशक आणि जखमेभोवती माशी दूर ठेवणारे मलम किंवा कडुनिंबाचे तेल लावावे. किडे पडलेच तर पशुवैद्यकाला बोलवावे.

या माशीच्या अमेरिकेतील बहिणीने काय केले, ते पाहिले की जनावराची जखम किती मोलाची आहे ते कळते. तिकडे निपलिंग आणि बुशलँड या शास्त्रज्ञांनी किरणांनी नर वांझ करून सोडण्याची युक्ती काढली, कारण ती मादी आयुष्यात एकदाच फळते. १९५४ मध्ये क्युरासाव बेटावर ती यशस्वी झाली. १९८८ मध्ये तीच माशी जनावरांबरोबर लिबियात पोचली, तेव्हा मेक्सिकोतील कारखान्यातून विमानांनी शंभर कोटींहून अधिक वांझ माश्या नेऊन १९९१ मध्ये तिचा नायनाट केला गेला. एवढे करूनही ढिलाई झाली तिथे ती परतली. २०२३ पासून पनामाकडून ती पुन्हा उत्तरेकडे सरकली, नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोत सापडली आणि मध्य अमेरिकेत जनावरांबरोबर माणसेही आजारी पडली.

आपल्या हाती विमाने नाहीत, पण एक साधे काम आहे आणि तेच बहुतेक जण करत नाहीत. जनावराच्या जखमेतून काढलेल्या अळ्या आपण काडीने खाली टाकतो आणि वर पायाने माती लोटतो. पूर्ण वाढलेल्या अळीला माती हवीच असते. ती तिथेच कोषात जाते आणि आठवड्याने माशी होऊन उडते. अळ्या नेहमी डब्यात गोळा कराव्यात आणि वर उकळते पाणी ओतावे. रुग्णालयात माणसाच्या जखमेतून निघालेल्या अळ्यांचेही असेच करतात. गाईला किंवा म्हशीला आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दिले असेल, तर दूध किती दिवस घरी आणि डेअरीला वापरायचे नाही, हे पशुवैद्यकाला त्याच वेळी विचारून गोठ्याच्या खांबावर खडूने तारीख लिहून ठेवावी.